फळीवरच्या सहा पाट्या

आमच्या शाळेला शनिवारी सुट्टी असायची आणि रविवारी शाळा भरायची. त्यामुळे धरणाच्या वसाहतीतली माणसं तिला 'शनवारची शाळा' म्हणत, आणि माजलगावच्या बाजारात कुणी विचारलंच तर 'ज्यू लोकांची शाळा'. दोन्ही नावं अर्धी खरी होती. बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते आणि काका त्याच धरणाच्या दरवाजांवर मेकॅनिक. दोन्ही घरं मूळची कोकणातली, बेने इस्राएल. दोन घरांत मिळून शाळेच्या वयाची पाच मुलं होती: मी, माझा भाऊ एलिया, ज्याला सगळे एलू म्हणत, आणि काकांची तिघं. ही पाच मुलं आपली अक्षरं आणि आपली प्रार्थना विसरतील, या धास्तीनं आईनं एका रिकाम्या क्वार्टरच्या दोन खोल्यांत शाळा सुरू केली. लग्नाआधी ती मुंबईत आमच्याच समाजाच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. गावची शाळा कालव्यापलीकडे, काळ्या रानातून बरीच चालत जावी लागे; म्हणून वसाहतीतले आणि आसपासचे लोक हळूहळू आपली मुलंही आईकडेच पाठवू लागले. आम्ही एकंदर चौदाजण झालो. त्यात आम्ही पाच, आणि बाकी मराठ्यांची, मुसलमानांची, बौद्धांची.

आई गेली त्याला आता अकरा महिने होत आले. आमच्यात आईबापाच्या मागे अकरा महिने प्रार्थना म्हणतात. ती म्हणायला घरात पुरुष कुणी नाही, म्हणून मीच सकाळी खिडकीशी उभी राहून म्हणते आणि मग लिहायला बसते. दिवसाला एखादा परिच्छेद होतो, कधी तोही नाही. बीडच्या एका कॉलेजात मी तीस वर्षं ग्रंथपाल होते. दुसऱ्यांची पुस्तकं जागच्या जागी लावण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे स्वतःचं काही लिहिताना हात अडखळतो. शिवाय हे प्रकरण आई असताना मला लिहिता आलं नसतं. ती वाचेल या भीतीनं नव्हे. ती वाचून काहीच बोलली नसती, आणि ते मला सोसलं नसतं.

शाळेत आम्ही सख्ख्या आईलासुद्धा 'बाई' म्हणायचो. घराचा उंबरा ओलांडला की ती बाई, आणि संध्याकाळी परत आत आलं की आई. एलूच्या तोंडून शाळेत एकदा 'आई' निघालं तेव्हा तिनं हजेरीपुस्तकातून मानही वर केली नव्हती. शाळेच्या दाराच्या चौकटीला उजव्या बाजूला मेजुजा ठोकलेला होता, आत प्रार्थनेची गुंडाळी असलेली पितळी नळी. आत शिरताना आम्ही तिला बोट लावून ते बोट ओठांना लावायचो. आमचं पाहून बाकीची मुलंही तेच करू लागली. सुजाताचा हात पोचत नसे, तेव्हा ती उडी मारून नळीला चापट मारायची आणि मग मन लावून सगळी बोटं चोखायची. 'अगं, चिंचेची गोळी आहे का ती?' असं बाई म्हणायच्या, पण हसू दाबून.

सुजाता किसनमामांची मुलगी. किसनमामा वसाहतीचे चौकीदार. कालव्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत त्यांचं घर. ती माझ्याच वयाची, आठ वर्षांची, आणि वर्गात माझ्या शेजारी बसायची. पहिला तास आम्हा पाचांचा होता: अलेफ, बेथ, गिमेल ही हिब्रू अक्षरं आणि शेमाची, म्हणजे आमच्या रोजच्या प्रार्थनेची, ओळ. बाकीच्या नऊ जणांनी तासाभरानं आलं तरी चाललं असतं, पण ते सगळे आधीच येऊन बसत. उजवीकडून डावीकडे लिहायची गंमत त्यांना वाटायची. 'बाई बी मौलवीसाबसारख्याच उलट्या लिवत्यात,' असं सुजातानं घरी जाऊन सांगितलं होतं. महिनाभरात तिला अर्धी अक्षरं यायला लागली आणि माझ्या काकाच्या धाकट्याला ती चोरून दाखवू लागली. बाईंनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

ज्या आठवड्याबद्दल मला लिहायचं आहे तो इतर आठवड्यांसारखाच रविवारी सुरू झाला. पहिल्या तासाला काकाच्या मधल्यानं, दाविदनं, पाटीवर शेमाची ओळ उतरवताना देवाचं नाव पुस्तकात होतं तसं पूर्ण चार अक्षरांत लिहिलं. आम्ही ते तसं लिहायचो नाही. त्या जागी दोन छोट्या योद काढायच्या. योद हे सगळ्यात लहान अक्षर, ज्वारीच्या दाण्याला फुटलेल्या मोडाएवढं. दाविदनं ओळ पुरी केली आणि सवयीनं पाटीवर थुंकून तळहात फिरवायला घेतला. बाईंनी त्याचं मनगट धरलं. इतक्या झटकन त्या कधी हलताना आम्ही पाहिल्या नव्हत्या.

'हे नाव एकदा लिहिलं की पुसायचं नाही,' त्या म्हणाल्या. 'प्रार्थनेचं पुस्तक जुनं होऊन फाटलं तर आपण ते फेकत नाही, जाळत नाही. माणसाला पुरतात तसं मातीत पुरतो. तसंच हेही.'

'मंग आता त्या पाटीचं?' सुजातानं विचारलं.

'ती वर ठेवायची.' बाईंनी पाटी उचलून भिंतीवरच्या फळीवर ठेवली, लिहिलेली बाजू भिंतीकडे करून. दाविदला शेजाऱ्याच्या पाटीवर भागवायला सांगितलं.

'बाई, आमच्यात असलं काय न्हाई,' सुजाता म्हणाली. 'आमी बुद्धाला वंदन करताव, पर त्याचं नाव पुसलं तं तो काय म्हनत न्हाई.'

'बरं आहे तुमचं,' बाई म्हणाल्या आणि सगळा वर्ग हसला. त्याही हसल्या.

एलू हसला नाही. तो फळीकडे पाहत होता. एलू दहा वर्षांचा, वर्गात सगळ्यांत हुशार आणि गणितात सगळ्यांत आळशी. वाचायला दिलं तर जेवायचं विसरे, पण वजाबाकीला हातचा घ्यायचा म्हटलं की त्याला तहान लागे, पोटात दुखे, पेन्सिल मोडे. दुसऱ्या तासाला गणित असायचं. सोमवारी गणिताच्या तासाला बाईंनी फळ्यावर उदाहरणं लिहून मागे वळून पाहिलं, तर एलूच्या पाटीवर उदाहरणं नव्हती. मधोमध, सुबक, मोठ्या चार अक्षरांत ते नाव होतं. तो हाताची घडी घालून बसला होता.

'हे काय?'

'बाई, लिहिताना चुकून पूर्ण लिहिलं गेलं.' चेहरा अगदी सरळ. 'आता पुसता येत नाही ना.'

बाईंनी पाटी घेतली, पाहिली, फळीवर नेऊन ठेवली. त्यांच्या पाठीला हसू आलेलं मला मागून कळलं. पाटी नसल्यामुळे एलूनं त्या तासाला काही केलं नाही; खिडकीतून कालव्याकडे पाहत बसला. मंगळवारी काकाच्या थोरल्याची पाटी फळीवर गेली आणि मराठ्यांच्या बाळूचीही. अक्षर दोन्हींवर एलूचंच. बाकीच्यांना ती चार अक्षरं नीट काढता येत नसत, म्हणून ते मधल्या सुट्टीत त्याच्यासमोर पाटी धरून उभे राहत. बाळूनं त्यासाठी डब्यातली शेंगदाण्याची पोळी मोडून दिली. बुधवारी पाचवी पाटी गेली. चौदा मुलांत नऊ पाट्या उरल्या आणि गणिताच्या तासाला पाचजण हाताची घडी घालून खिडकीबाहेर बघू लागले.

आज मला वाटतं, त्या बुधवारी बाई थकल्या होत्या. शेवटी त्या बाई आईच होत्या: पहाटे उठून दोन घरांच्या भाकरी थापायच्या, शुक्रवारच्या जेवणासाठी नारळ कुठून मिळेल ते पाहायचं, कारण आमच्यात मटणात दूध-दही चालत नाही आणि धरणावर नारळ म्हणजे सणाची वस्तू. पाच पाट्या मातीत घालायच्या म्हणजे पाच नव्या माजलगावहून आणायच्या. त्या फळीखाली उभ्या राहिल्या आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, 'खेळ समजता तुम्ही हा? ऐका. हे नाव मस्करीत लिहू नये आणि लिहिलं तर पुसू नये. ज्या घरात हे नाव पुसलं जातं, त्या घरातलं माणूस कमी होतं.'

बाई अशा बोलत नसत. भूत, नजर, अपशकुन यांच्याबद्दल कुणी बोललं तर त्या पाठ थांबवून ते खोडून काढत. म्हणूनच ते वाक्य आम्हाला खरं वाटलं. मागच्या ओळीतली एक मुलगी रडायला लागली. एलूनं मान खाली घातली आणि त्या दिवशी त्यानं वजाबाक्या केल्या, मांडीवर कागद ठेवून.

गुरुवारी सकाळी तो पुन्हा एलू होता. त्या दिवशी गणिताची तोंडी आणि पाटीवरची परीक्षा होती, आणि मी तिची आठवडाभर वाट पाहत होते. मला गणित आवडायचं. घरात वाचण्यात, म्हणण्यात, अक्षरात एलू माझ्यापुढे. फक्त वजाबाकीत मी त्याच्यापुढे. प्रार्थना झाल्यावर मी पाणी प्यायला माठाकडे गेले आणि परत आले तर माझ्या पाटीवर ती चार अक्षरं. शेजारी सुजाता डोळे मोठे करून बसली होती.

'म्या म्हनलं त्याला, नगं लिवू,' ती म्हणाली. 'आयकना.'

'तुझी सुटका केली, मिरू,' एलू म्हणाला. 'आता परीक्षा नाही तुला.'

मी किंचाळले. बाई आल्या, त्यांनी पाटी पाहिली आणि एलूच्या कानाला हात घातला. पण नियम तो नियम. माझी पाटी उचलून त्यांनी फळीवर ठेवली. सहावी. 'तू दुपारी परीक्षा दे, कुणाची तरी पाटी घेऊन,' त्या मला म्हणाल्या. मला कुणाची तरी पाटी नको होती. माझी पाटी लाल चौकटीची होती, कोपऱ्यात खिळ्यानं 'मि' कोरलेली.

मधल्या सुट्टीत सगळे बाहेर लिंबाखाली डबे उघडून बसले. आत मी आणि सुजाता. मी खुर्ची ओढली, वर चढले आणि माझी पाटी खाली घेतली. सुजाताच्या हातात अर्धी भाकरी होती, हिरव्या ठेच्यासकट. ती म्हणाली, 'मिरे, काय करतीस ग?' मी पाटीवर थुंकले आणि फ्रॉकच्या घेरानं पुसली. दोनदा पुसावी लागली. एलू पेन्सिल दाबून लिहायचा. तरी आडव्या उजेडात धरली की चार अक्षरांचे ओरखडे दिसत होते.

'बाईनं काय सांगितलं काल?' सुजाता कुजबुजली.

'कुणाला सांगू नको.'

'आयची आन, न्हाई सांगत.' आणि मग थोड्या वेळानं, भाकरीचा घास चावत, 'तुमचं घर मोठं हाय का पर? किती मानसं?'

'चार,' मी म्हणाले. तोवर मी ते मोजलं नव्हतं.

दुपारी मी माझ्याच पाटीवर परीक्षा दिली. सहा वजाबाक्या, सगळ्या हातच्याच्या. बाई रांगेतून फिरत पाट्या तपासत होत्या. माझ्यापाशी आल्या तेव्हा एलूनं मागच्या बाकावर डोकं टेकलं होतं आणि डोकं दुखतंय म्हणत होता. नेहमीचंच, असं वाटून मुलं हसली. बाईंनी त्याच्याकडे पाहत पाहतच माझ्या पाटीखाली खडूनं बरोबरची खूण केली. मग त्याच्यापाशी जाऊन कपाळाला हात लावला, आणि पहिल्यांदाच शाळेच्या वेळात आम्हा दोघांना घेऊन शाळा सोडून घरी आल्या.

रात्रीपर्यंत ताप इतका चढला की त्याला मान वळवता येईना. शुक्रवारी सकाळी माजलगावच्या डॉक्टरांनी त्याला पाहिलं, मेंदूचा ताप आहे म्हणाले आणि बीडला न्यायला सांगितलं. खात्याची जीप आली. आईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मला काकूकडे ठेवलं. त्या संध्याकाळी काकूनंच दिवा लावला. आई दर शुक्रवारी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करायची. वाइनच्या जागी आम्ही त्यावर आशीर्वाद म्हणायचो. काकूनं ते केलं, पण मनुकांचे देठ काढायला विसरली. मी प्यायले तेव्हा देठ दातांत आले आणि मी ते कुणाला न दाखवता मुठीत धरून बसले. देवाला आज काही कमी-जास्त झालेलं कळू नये, असं मला वाटत होतं.

शनिवारी दुपारी जीप परत आली. शनिवार आमचा विसाव्याचा दिवस; आई त्या दिवशी चूल पेटवत नसे की कधी गाडीत बसत नसे. तिला मागच्या बाकावर पाहिलं तेव्हाच मला कळलं. तिच्या मांडीवर पांढऱ्या चादरीत एलू होता आणि ती त्याचे पाय धरून बसली होती, लहान मुलाचे पाय गार पडू नयेत म्हणून धरतात तसे.

आमचं कबरस्तान कोकणात. तिथवर न्यायला वेळ नव्हता, उन्हाळ्याचे दिवस होते. बाबा ओसरीवर बसून काकांना 'कुठं न्यायचं' एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते. किसनमामा पायरीशी उभे होते. ते म्हणाले, 'सायेब, आमच्या वस्तीच्या मातीत जागा हाय. लेकराला तिथं ठिवू. लांब कशाला न्यायचं.' रविवारी सकाळी त्याला तिथं पुरलं. आमच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात; आमच्याकडे दोन होते. बाबांनी ती तरीही म्हटली. वस्तीतली माणसं डोक्यावर रुमाल टाकून, चपला काढून उभी राहिली आणि बाबा थांबले की काका जे म्हणत, ते त्यांच्यामागून म्हणाली.

मग सात दिवस. आरसा चादरीनं झाकलेला, आईबाबा जमिनीवर बसलेले, चूल बंद. सुजाताची आई, पारूमावशी, रोज जेवण घेऊन यायची. पहिल्या घासाला उकडलेली अंडी लागतात हे तिनं काकूला विचारून घेतलं होतं. पितळीत आठ अंडी, वर फडकं. पुढे पिठलं-भाकरी, वरण, एक दिवस कढी. आईसमोर ताट ठेवून ती शेजारी बसून राहायची. एकदा ती म्हणाली, 'बाई, घास घ्या. माझी बी दोन गेल्यात. घास घेतला म्हंजी इसरलं असं न्हाई व्हत.' आईनं घास घेतला.

मी कोपऱ्यात बसून एकच हिशेब करत होते. आम्ही चार होतो, मी नाव पुसलं, आम्ही तीन झालो. त्या हिशेबात मला कुठेच चूक सापडत नव्हती.

आठव्या दिवशी, पुढच्या रविवारी, आईनं शाळा उघडली. काकूनं अडवलं, तरी उघडली. प्रार्थना झाल्यावर ती म्हणाली, 'फळीवरच्या पाट्या आज एलूजवळ मातीत ठेवायच्या आहेत.' खुर्ची घेऊन ती फळीपाशी गेली आणि एकेक पाटी काढून टेबलावर ठेवली. आता तिनं लिहिलेली बाजू लपवली नाही. पाचांपैकी चार पाट्यांवर एलूचं अक्षर होतं, एकीवर दाविदचं. तिनं फळीवरून हात फिरवला, शेवटपर्यंत.

'सहावी कुठे आहे?'

माझी पाटी माझ्या मांडीवर होती. माझे गुडघे असे हलत होते की चौकट बाकावर वाजत होती. टक् टक् टक्. सुजातानं तो आवाज ऐकला. तिनं माझ्या मांडीवरून पाटी ओढून घेतली आणि उभी राहिली.

'बाई, म्या पुसली.'

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा तिच्याकडे. लिंबावर होले घुमत होते. मला अजूनही वाटतं की तो क्षण बराच लांब होता, आणि त्यात मी बोलू शकले असते, आणि बाईही.

'घरी जा, सुजाता,' बाई म्हणाल्या.

सुजाताला वाटलं आजच्यापुरतं. तिनं डबा उचलला, पाटी टेबलावर ठेवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा बाईंनी हजेरी घेताना तिचं नाव घेतलं नाही. ती तासभर बसली, कुणी तिला काही विचारलं नाही, आणि मग ती आपणहून उठून गेली. त्यानंतर आली नाही. किसनमामा वसाहतीच्या फाटकावर बाबांना पहिल्यासारखाच सलाम करायचे.

तिनं ते का केलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तिच्या आठ वर्षांच्या बुद्धीला ते सरळ वाटलं असावं. ते नाव आमचं, शिक्षा आमच्या घरांना. त्यांच्यात तसलं काही नव्हतं. आग ज्याला लागत नाही त्यानं निखारा उचलावा, तसं. आपल्याला दुसरंच काही लागेल, हे तिला ठाऊक नव्हतं.

तीन आठवडे मी गप्प राहिले. एका शुक्रवारी दुपारी आई ओट्याशी बसून मनुकांचे देठ काढत होती आणि मी तिच्यासमोर बसून म्हणाले, 'आई, ती पाटी मी पुसली होती.'

तिचे हात थांबले नाहीत. 'ठाऊक आहे मला. त्यावरच्या वजाबाक्या मीच तपासल्या होत्या.'

'मग सुजाताला का...'

मनुका संपल्या, तरी ती रिकाम्या ताटलीत बोटं फिरवत राहिली. मी रडत म्हणाले, 'माझ्यामुळे एलू मेला.' तेव्हा तिनं वर पाहिलं. तिचा चेहरा इतका घाबरलेला मी आधी पाहिला नव्हता, जीपमध्येसुद्धा नाही. माझ्या डोक्यात काय शिजतंय, हे तिला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. तिनं मला ओढून कुशीत घेतलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. आम्ही दोघी चालत कालवा ओलांडून वस्तीत गेलो. पारूमावशीनं बाज टाकली. 'आज शनवार, तुमी च्या घेत न्हाईत,' असं म्हणून तिनं ताक आणलं. किसनमामा उभेच राहिले. सुजाता दारात बसून सुपात तूर निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

'सुजाताला न्यायला आले आहे,' आई म्हणाली.

किसनमामांनी चुळबूळ केली. 'बाई, तिचं नाव गावच्या शाळेत घातलं की. पोरगी म्हनती, तिकडंच जाते.'

आई बाजेवरून उठली आणि सुजाताच्या समोर जमिनीवर बसली, सात दिवस बसली होती तशी. 'सुजाता, तू पुसली नव्हतीस हे मला माहीत होतं.'

सुजाताचा हात सुपात थांबला. 'कवापासून?'

'त्याच दिवशी. तू उभी राहिलीस तेव्हाच.'

'मंग म्हनायचं व्हतं की.'

'हो,' आई म्हणाली. 'म्हणायला पाहिजे होतं. मी म्हटलं असतं, तर मिरूकडे बोट दाखवावं लागलं असतं. ते माझ्यानं झालं नाही. तुझ्याकडे दाखवणं झालं.' 'आणि दुसरं. ते जे मी बोलले होते, माणूस कमी होतं म्हणून. ते कुठेही लिहिलेलं नाही. तुम्ही पाट्या खराब करत होतात, म्हणून मी मनानं बनवून बोलले. तुम्ही दोघींनी हे नीट ऐकून घ्या. मी बनवलं होतं ते.'

पुढे आयुष्यभर मी तरीही शोधत राहिले. कॉलेजच्या ग्रंथालयात, मुंबईला गेले की समाजाच्या जुन्या पुस्तकांत, आमच्या आणि इतरांच्या. ते वाक्य मला कुठे सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून सुटले, असंही झालं नाही.

पारूमावशी पदर तोंडाला लावून उभी होती. 'जा ग बाई,' ती लेकीला म्हणाली, 'येवढं म्हनत्यात तं.' सुजातानं मान हलवली, नाही म्हणून. रागानं नव्हे. गावच्या शाळेत तिला नवी पाटी मिळाली होती, बसायला जागा मिळाली होती, तिथं तिला कुणी काही विचारत नव्हतं. सूप बाजूला ठेवून ती उठली आणि पाहुण्यांना पोचवायची रीत असते तशी कालव्यापर्यंत आमच्याबरोबर आली. आई फळीच्या पुलावरून पुढे गेली. मी मागे रेंगाळले; मला वाटलं, ती माझ्यापाशी काहीतरी बोलेल, मग सगळं पहिल्यासारखं होईल.

ती बोलली. 'बाईचं समजलं मला,' ती म्हणाली. 'पर तू ग? तू कावून न्हाई बोललीस?'

पुलाच्या पलीकडून आई मला हाक मारत होती. मी वळले आणि पूल ओलांडला. मी आठ वर्षांची होते, भ्याले होते, माझा भाऊ मेला होता. ही सगळी उत्तरं मला नंतर सुचली आणि अजून सुचतात. त्यांपैकी एकही मला तिला जाऊन सांगता आलं नाही, कारण तीसुद्धा आठच वर्षांची होती.